भित्र्या फीडने मोडणारे कटर

तीन मिलिमीटर व्यासाचा, दोन धारांचा कार्बाइड एंडमिल. पॉलिटेक्निकच्या जुन्या मिलिंग मशीनवर तो १,५०० आरपीएमने फिरत असेल आणि टेबल मिनिटाला ६० मिलिमीटर सरकत असेल, तर अ‍ॅल्युमिनियम व्यवस्थित कापले जाते. तोच कटर व्हीएमसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर, ८,००० आरपीएमने फिरवला आणि फीड मात्र ६० चाच ठेवला, तर थोड्या वेळात कापाची चकाकी जाते, कटरच्या खाचांत धातू चिकटू लागतो आणि शेवटी कटर तुटतो. कटर तोच, धातू तोच, फीडचा आकडाही तोच. मग एका मशीनवर सुरळीत होणारे काम दुसऱ्यावर का बिघडते? नांदेड आणि लातूरच्या वर्कशॉपमध्ये हात घडवणाऱ्या प्रत्येक मुलाला याचे उत्तर झोपेतही देता आले पाहिजे, कारण त्याची पुढची नोकरी या उत्तरावर ठरणार आहे.

उत्तर चौथीच्या भागाकाराइतके सोपे आहे. फीडला आरपीएमने भागायचे, मग कटरच्या धारांच्या संख्येने भागायचे. जुन्या मशीनवर ६० भागिले ३,०००, म्हणजे प्रत्येक धार ०.०२ मिलिमीटर धातू उचलते. व्हीएमसीवर ६० भागिले १६,०००, म्हणजे प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.००४ मिलिमीटरही येत नाही. कार्बाइडची नवी कोरी धारसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर टोकाला किंचित गोल असते. ही गोलाई काही मायक्रॉनची. चिप या गोलाईपेक्षा पातळ झाली की धार धातूत शिरत नाही, वरून घासत जाते. वखरावर वजन नसले की त्याची पास मातीत न शिरता ढेकळांवरून नुसती घसरते, तसे हे. फरक एवढाच, की मातीवर घसरलेली पास तापत नाही आणि अ‍ॅल्युमिनियमवर घासणारी धार तापते.

आणि इथेच माणसाची सहजबुद्धी त्याला फसवते. कटर बारीक आहे, नाजूक आहे, म्हणून हळू चालवू. एक तुटला, तर पुढचा आणखी हळू. पहिला काप सुरू होताना ऑपरेटरचा हात आपोआप फीड ओव्हरराइडच्या बटणावर जातो आणि ते २० टक्क्यांवर येते. प्रोग्राममध्ये ४०० चा योग्य फीड असला तरी प्रत्यक्षात कटर ८० ने चालतो, प्रत्येक धार ०.००५ मिलिमीटर उचलते आणि पुन्हा घासणे सुरू होते. ज्या काळजीपोटी फीड कमी केला, तीच काळजी कटरच्या जिवावर उठते. भीती वाटत असेल तर कापाची खोली कमी करावी. अर्ध्या मिलिमीटरचे तीन थर घ्यावेत, हवे तर प्रोग्राम आधी जॉबच्या वर हवेत चालवून बघावा. पण धार जेव्हा धातूत असेल, तेव्हा तिला पोटभर चिप मिळालीच पाहिजे. हे वाक्य प्रत्येक व्हीएमसीच्या दारावर मराठीत लिहून लावण्याजोगे आहे.

मराठवाड्याच्या या दोन जिल्ह्यांत ही गोष्ट वेगळी सांगावी लागते, याला कारण आहे. इथला कारागीर घडला तो डाळ मिल, तेलगिरण्या, जिनिंग आणि साखर कारखान्यांच्या दुरुस्तीवर. शाफ्ट, बुश, गिअर, पुली, ट्रॅक्टरच्या अवजारांचे भाग. म्हणजे माइल्ड स्टील, ईएन ८, बीड (ओतीव लोखंड) आणि गनमेटल. हा हात कच्चा नाही. मोडलेल्या गिअरचा दात वेल्डिंगने भरून पुन्हा कापून देणारे कारागीर लातूरच्या एमआयडीसीत आजही आहेत. पण पोलादाने या हाताला ज्या खुणा शिकवल्या, त्या अ‍ॅल्युमिनियमवर चालत नाहीत.

पोलाद तापले की सांगते. चिप आधी पिवळसर होते, मग तपकिरी, मग निळी. ऑपरेटर त्या रंगावरून वेग कमी-जास्त करतो. अ‍ॅल्युमिनियमची चिप तापली तरी चंदेरीच राहते. शॉपमध्ये नेहमी वापरली जाणारी ६०६१ ही मिश्रधातूची जात ५८२ अंश सेल्सिअसला वितळू लागते, आणि त्याच्या कितीतरी आधी ती मऊ होऊन धारेला चिकटते. रंग न बदलता. म्हणून इथे कानाने आणि बोटाने काम करावे लागते. काप चालू असताना येणारा स्वच्छ, एकसुरी आवाज किंचाळीसारखा झाला. चिप तुकड्यांऐवजी पिठासारखी पडू लागली. कापलेल्या तळावर राखाडी, माखल्यासारखे पट्टे दिसले. कडेला जाड बर (धातूची खरखरीत किनार) चढला. यातली एक जरी खूण दिसली तरी धार घासते आहे असे समजावे आणि पोलादावर जे केले असते त्याच्या उलट करावे. फीड वाढवावा.

आता वेगाकडे. कटिंग स्पीडचे सूत्र डिप्लोमाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते: व्यास, पाय आणि आरपीएम यांचा गुणाकार, भागिले हजार. अ‍ॅल्युमिनियमसाठी कार्बाइड कटरला मिनिटाला २०० मीटर हा तर अगदी साधा वेग. कार्बाइडचा कठीणपणा अ‍ॅल्युमिनियमच्या वितळबिंदूच्याही पलीकडे टिकतो, त्यामुळे मोठ्या कटरने याच्या कितीतरी पट वेगाने कापता येते. पण सूत्रात तीन मिलिमीटर व्यास घातला की उत्तर येते २१,००० हून जास्त आरपीएम. एक मिलिमीटर घातला की ६३,००० च्या वर. सर्वसाधारण व्हीएमसीचा स्पिंडल ८ ते १२ हजारांवर थांबतो. मग विद्यार्थी गोंधळतो: पुस्तक २१ हजार म्हणते, मशीन ८ हजार देते, काम करायचे की नाही?

करायचे. ८,००० वर तीन मिलिमीटरचा कटर मिनिटाला ७५ मीटर वेगाने कापतो आणि धार चांगली असेल, चिप पुरेशी असेल, तर हा वेग अ‍ॅल्युमिनियमला चालतो. बारीक कटरच्या बाबतीत वेग ठरवणे बहुधा आपल्या हातात नसतेच. स्पिंडल जेवढे देतो तेवढे घ्यायचे. हातात असतो तो फीड. आणि आपल्याकडे परीक्षेत गुण मिळतात ते आरपीएम काढल्याबद्दल. फीड ‘तक्त्यातून घ्या’ म्हणून सोडून दिला जातो. शिकवण्यातली ही उतरंड उलटी करायला हवी, असे आग्रहाने म्हणावे लागेल.

गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांपर्यंत दुसरे एक मशीन पोहोचले आहे: सीएनसी राउटर. एमडीएफची देवघरे, जाळ्या, दारावरची नक्षी, दुकानांच्या पाट्या. त्याचा स्पिंडल १८ ते २४ हजार आरपीएमने फिरतो, म्हणजे व्हीएमसीला जे जमत नाही ते याला सहज जमते. तीन मिलिमीटरचा कटर १८,००० वर फिरवला की मिनिटाला १७० मीटर. पण राउटरची चौकट हलकी असते. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमची प्लेट कापायची तर एकाच धारेचा, खोल पॉलिश केलेल्या खाचेचा कटर घ्यावा, थर अर्ध्या मिलिमीटरच्या आत ठेवावा आणि फीड मात्र ५०० च्या आसपास. ५४० ठेवला तर धारेला ०.०३ मिलिमीटरची चिप मिळते. लाकडाच्या कामातून आलेला माणूस धातू आहे म्हणून फीड १०० वर आणतो आणि चिप येते ०.००६ च्याही खाली. पाट्या करणाऱ्या तरुणाला वाटते, राउटरवर अ‍ॅल्युमिनियम होतच नाही. होते. त्याला चिपचा हिशेब कुणी सांगितलेला नसतो.

किती चिप घ्यावी याचा ढोबळ अंदाज असा: व्यासाचा सुमारे एक टक्का ही वरची मर्यादा धरून सुरुवात करावी. सहा मिलिमीटरच्या कटरला ०.०४ ते ०.०६, तीनच्या कटरला ०.०२ ते ०.०३, एक मिलिमीटरच्याला ०.००५ ते ०.०१. कटर बनवणाऱ्या कंपनीचा तक्ता हाताशी असेल तर तो आधी. शिवाय कटर कडेकडेने थोडाच धातू घेत असेल, म्हणजे व्यासाचा दहावा भाग, तर प्रत्यक्ष चिप हिशेबापेक्षा पातळ निघते, साधारण ६० टक्केच. तिथे फीड दीडपटीहून अधिक वाढवला तरच धार खरोखर कापते. फिनिशिंगच्या पासला फीड कमी करायचा, हा पोलादावरचा संस्कार इथे नेमका आडवा येतो.

चिपचा हिशेब बरोबर असूनही कटर तुटत असेल, तर दोष बहुतेक वेळा पकडीत सापडतो. कटर कोलेटमधून दहाऐवजी वीस मिलिमीटर बाहेर काढला की त्याच जोराखाली तो आठपट वाकतो. सहाच्या जागी तीनचा लावला, बाहेर तेवढाच ठेवला, की सोळापट. म्हणून गरजेपेक्षा एक मिलिमीटरही जास्त बाहेर नको. दुसरी गोष्ट रनआउटची. कोलेट जुने झाले, नटाखाली चिप अडकली, आणि कटर ०.०२ मिलिमीटरने डोलू लागला. मोठ्या कटरला हे जाणवतही नाही. पण ज्याच्या प्रत्येक धारेने ०.०२५ उचलायचे आहे, त्याच्या एका धारेवर ०.०४५ चा भार येऊ शकतो आणि दुसरीच्या वाट्याला ०.००५ उरते. एक धार ओझ्याने जाते, दुसरी घासून जाते. डायल इंडिकेटर लावून हे तपासायला दोन मिनिटे लागतात.

कटरची निवडही पोलादाच्या सवयीनेच बिघडते. कपाटात पडलेला चार धारांचा, काळपट टीआयएएलएन कोटिंगचा कटर अ‍ॅल्युमिनियमला लावला जातो. त्या कोटिंगमध्येच अ‍ॅल्युमिनियम असल्याने जॉबचा धातू त्याला लवकर चिकटतो, आणि चार धारांमधल्या अरुंद खाचांत चिपला बाहेर पडायला जागा राहत नाही. इथे दोन किंवा तीन धारांचा, कोटिंग नसलेला, पॉलिश केलेला कटरच हवा.

कूलंटचा प्रश्न लातूरला जास्त जवळचा आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, हे या शहरातला कोणीही विसरलेला नाही. उन्हाळ्यात जिथे पिण्याच्या पाण्याची ही गत होते, तिथे सोल्युबल ऑइलमध्ये मिसळायला येते ते खोल बोअरचे जड पाणी. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे तेल आणि पाणी फुटते, टाकीवर साय धरते, आणि कूलंटची टक्केवारी कागदावर आठ आणि प्रत्यक्षात काहीच्या काही होते. आरओचे पाणी आणि एक साधे रिफ्रॅक्टोमीटर, एवढ्याने हे सुधारते. बारीक कटरच्या कामाला तर धो धो कूलंट लागतही नाही. दाबाच्या हवेबरोबर तेलाचा फवारा सोडणारी एमक्यूएल पद्धत तासाला शंभर मिलिलिटरच्या आत तेल वापरते आणि हवेच्या झोताने चिप खाचेबाहेर उडवते. पाण्याची टंचाई असलेल्या जिल्ह्यात ही पद्धत आधी रुजायला हवी होती.

जुनी रीत रॉकेलची. अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल उत्तम चालते, यात शंका नाही. पण रॉकेलची वाफ ३५ अंशांच्या पुढे ठिणगीने पेट घेऊ शकते आणि मे महिन्यात नांदेडच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी पारा चाळिशी ओलांडलेला असतो. ही रीत सोडून द्यावी. त्याच शेडमध्ये आणखी एक गोष्ट घडते: अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढते. सकाळी मापात असलेला २०० मिलिमीटरचा जॉब दुपारी दहा अंश जास्त तापला की जवळपास पाच शतांश मिलिमीटरने वाढलेला असतो. मग सेटिंग चुकले म्हणून ऑपरेटरवर ठपका येतो.

एवढे सगळे शिकवायला मराठवाड्यात माणसे आणि संस्था नाहीत असे मुळीच नाही. नांदेडच्या विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे. लातूरला पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे, दोन्ही जिल्ह्यांत आयटीआय आहेत, छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे. पुण्याहून निघणारे ‘धातुकाम’ हे मासिक तर मशीनिंगवरचे लेख मराठीत छापते, म्हणजे भाषेची सबबही उरत नाही. आणि लातूरने साऱ्या राज्याला सराव म्हणजे काय ते दाखवले आहे. बारावी आणि प्रवेश परीक्षांचा ‘लातूर पॅटर्न’ उभा राहिला तो पुन्हा पुन्हा चाचणी, चुकांची तपासणी आणि पुन्हा चाचणी या शिस्तीवर. हीच शिस्त वर्कशॉपच्या बाकापर्यंत पोहोचली, तर हा जिल्हा मशीनिस्टही तितक्याच संख्येने घडवू शकेल.

घाई करण्याचे कारणही दारात उभे आहे. लातूरजवळ हरंगुळ इथे मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याचे भूमिपूजन ३१ मार्च २०१८ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२० रोजी तिथून पहिला कोच शेल बाहेर पडला. वंदे भारत स्लीपर गाड्यांच्या कंत्राटात या कारखान्याचे नाव आहे. डब्याचा सांगाडा पोलादाचा असला तरी अशा कारखान्याभोवती जिग, फिक्स्चर, ब्रॅकेट, कव्हर, नमुन्याचे सुटे भाग यांची असंख्य लहान कामे निर्माण होतात, आणि त्यांतली पुष्कळशी अ‍ॅल्युमिनियममध्ये बारीक कटरने करायची असतात. ती लातूर-नांदेडच्या एमआयडीसीत व्हायची की भोसरी आणि वाळूजला जायची? जमीन, वीज, अनुदान यांवर भरपूर चर्चा होते. तीन मिलिमीटरचा कटर न तोडता चालवणारी माणसे किती आहेत, यावर होत नाही.

फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने धातू कापण्यावर २६ वर्षे प्रयोग केले आणि १९०६ मध्ये ते अमेरिकेच्या यांत्रिकी अभियंता संघटनेसमोर मांडले. नोंदलेल्या प्रयोगांची संख्या ३० ते ५० हजार. त्यात आठ लाख पौंडांहून जास्त लोखंड आणि पोलादाची चिप झाली. कारागिरापुढे रोज उभे राहणारे प्रश्न त्याने मांडले ते असे: कोणते टूल, कोणता वेग, कोणता फीड. त्याच्या या चिकाटीपुढे नतमस्तक व्हावे. मात्र या प्रश्नांची उत्तरे त्याने कारागिराच्या हातातून काढून नियोजनाच्या खोलीत नेली, आणि हे अनुकरण करण्यासारखे नाही. चार-पाच मशीनच्या आपल्या शॉपमध्ये नियोजनाची खोलीच नसते. उत्तर मशीनजवळ, ऑपरेटरच्या वहीत असले पाहिजे. कोणता धातू, कोणता कटर, किती बाहेर, किती आरपीएम, किती फीड, काय झाले. सहा महिने अशी वही भरली की त्या शॉपचा स्वतःचा तक्ता तयार होतो, आणि तो कोणत्याही कॅटलॉगपेक्षा त्या मशीनला जास्त लागू पडतो.

वही भरायची तर कटर तुटण्याची मुभा हवी. जिथे तुटलेल्या कटरचे पैसे ऑपरेटरच्या पगारातून कापले जातात किंवा विद्यार्थ्याकडून भरून घेतले जातात, तिथे कोणीही फीड वाढवून पाहणार नाही. तो बटण २० टक्क्यांवर ठेवेल, कटर घासून घासून तुटेल आणि तुटण्याचे कारण ‘कटर खराब होता’ असे नोंदले जाईल. बारीक कार्बाइड कटरची किंमत काहीशे रुपये असते. चाळीस मिनिटांचे काम दोन तास चालले तर त्याहून जास्त नुकसान मशीनच्या तासांत होते, फक्त त्याची पावती फाटत नाही म्हणून ते कुणाला दिसत नाही. ही कपात मालकांनी बंद करावी. शिक्षणसंस्थांनी तर कटर तोडणे हा अभ्यासाचाच भाग मानावा.

त्यासाठी प्रयोग असा घेता येईल. एचई ३० या जातीची, म्हणजे ६०८२ ची, एक प्लेट. तीन मिलिमीटरचा दोन धारांचा कटर, कोलेटबाहेर बारा मिलिमीटर, रनआउट मोजून लिहिलेला. आरपीएम ८,०००, खोली दीड मिलिमीटर. पहिला स्लॉट ६० फीडने, मग १२०, २००, ३००, ४००, ५००, ६००. प्रत्येक स्लॉटनंतर मशीन थांबवून चिप गोळा करायची, भिंगाखाली धार पाहायची, तळावर बोट फिरवायचे, बर मोजायचा, आवाज कसा होता ते लिहायचे. कुठे घासले, कुठे स्वच्छ कापले आणि कुठे कटर गेला, हे विद्यार्थी स्वतः ठरवतील. मग तोच प्रयोग जुन्या मशीनवर १,५०० आरपीएमला, म्हणजे ६० चा फीड तिथे का बरोबर होता तेही कळेल. एका तुकडीला एक दुपार, एक प्लेट आणि डझनभर कटर लागतील. आयटीआयचे नवे सत्र ऑगस्टमध्ये सुरू होते. कटरचे मागणीपत्र जूनमध्येच गेले पाहिजे, आणि त्यात मोडायचे कटर वेगळ्या ओळीत, उघडपणे लिहिलेले असले पाहिजेत.